वसुधा सबनीस सापडत नाही

माझ्या सासूबाई वेबसाइट करतायत असं म्हटलं की लोक हमखास विचारतात, "अय्या, रेसिपीजची का गं?" आणि माझं डोकं फिरतं. रेसिपीजची नाही. गॅलरीतल्या कुंड्यांची नाही, चारधाम यात्रेची नाही. त्या वेबसाइटवर एकच पान आहे, त्यावर एक फोटो आणि सहा ओळी. एवढ्यासाठी आमच्या मुलुंडच्या घरात वर्षभर जो गोंधळ चालला, तो पाहून दुसरी एखादी सून माहेरी निघून गेली असती. माझं माहेर कांदिवलीला आहे. मुलुंडहून कांदिवली गाठणं ही स्वतंत्र शिक्षा आहे, म्हणून राहिले.

सासूबाईंचं नाव सुनंदा विद्याधर विजयकर. एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात त्यांनी प्रोग्रामर म्हणून अख्खी नोकरी काढली. कॉम्प्युटर एका थंडगार खोलीत असायचा, चपला बाहेर काढून आत जावं लागायचं आणि खाली दारात युनियनवाले त्याच कॉम्प्युटरच्या नावानं शंख करायचे, तेव्हापासून. हजारो खातेदारांचं व्याज त्यांच्या प्रोग्रामनं काढलं, पण कुठल्या पासबुकावर प्रोग्रामरचं नाव नसतं. माझा नवरा श्रेयसही सॉफ्टवेअरमध्येच आहे. तो घरून काम करत असला की आई चहा द्यायला जातात आणि कप ठेवता ठेवता म्हणतात, "वरून तिसऱ्या ओळीत बघ." मग मायलेकांचं जुंपतं आणि चहा गार होतो.

वेबसाइट कशासाठी, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. लग्नाआधी त्या अंधेरीच्या वसुधा सबनीस होत्या. प्रोग्रामिंगच्या वर्गात त्यांच्या शेजारी जयंती कर्णिक बसायची. मशीन आठवड्यातून तासभर मिळायचं, तेही दोघींत एक. बाकीचे दिवस कागदावर प्रोग्राम लिहायचा आणि एकीनं दुसरीचा तपासायचा. मग जयंतीनं घरच्यांच्या मनाविरुद्ध, जातीबाहेर लग्न करायचं ठरवलं. निघून जायच्या आदल्या दिवशी ती आईंना भेटली आणि म्हणाली, "कोणाशी, कुठे, आत्ता काही विचारू नकोस. आमचे लोक तुझ्याकडे चौकशीला येतील, आणि तुला खोटं बोलता येत नाही. सगळं निवळलं की मीच तुला शोधून काढीन." त्याच वर्षी आईंचंही लग्न झालं आणि त्या मुलुंडला आल्या. पुढे सबनीसांनी अंधेरीचं घर विकलं. चाळीस वर्षं झाली, जयंतीचा पत्ता नाही.

"विसरली असेल," मी म्हटलं.

"ती विसरणारी नाही. मी सापडत नसणार."

त्यांनी फोनवर 'वसुधा सबनीस' टाकून दाखवलं. नागपूरच्या एक दंतवैद्य आल्या, केक करणारी एक मुलगी आली, कुठल्याशा शाळेच्या माजी मुख्याध्यापिका आल्या. "यात मी कुठेय सांग," आई म्हणाल्या. "आणि ती सुनंदा विजयकर कशी शोधेल? तिला सुनंदा विजयकर माहीत तर हवी ना!"

मागणी एवढीच होती. जयंतीनं कधी जुनं नाव टाकलं, तर आई सापडल्या पाहिजेत. बाकी जगाला त्या सापडल्या नाहीत तरी चालणार होतं.

श्रेयसनं यातून झटपट सुटकेचा मार्ग काढला. तयार वेबसाइट देणाऱ्या एका कंपनीत आईंचं खातं उघडून दिलं. "टेम्प्लेट निवड, नाव टाक, फोटो टाक, झालं. पंधरा मिनिटांचं काम आहे यार आई." त्या पंधरा मिनिटांत उन्हाळा संपला. नावासाठी एकच चौकोन होता आणि त्यात 'सुनंदा विजयकर, पूर्वाश्रमीच्या वसुधा सबनीस' हे काही केल्या मावेना. बळंच मावायला लावलं तर अक्षरं फोटोतल्या आईंच्या कपाळावर चढायची. मोबाइलवर उघडलं की नुसतं 'पूर्वाश्रमीच्या' एवढंच दिसायचं. त्याखाली लॅपटॉपसमोर कॉफी पिणारी एक गोरी बाई, जी जागची हलायला तयार नव्हती, आणि त्या बाईखाली कंपनीची स्वतःची भलीमोठी जाहिरात. आईंनी कंपनीला कळवलं. उत्तर आलं की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.

"आतला कोड कुठे बघायला मिळेल?" आईंनी विचारलं.

उत्तर आलं की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.

"आता तिसऱ्यांदा हेच आलं ना, तर मी यांच्या ऑफिसात जाऊन बसेन."

"ऑफिस अमेरिकेत असेल, आई."

"तू रोज वांद्र्याला जातेस ना? तिथे सगळ्यांची ऑफिसं असतात म्हणे. बघ जरा."

मी बघितलं नाही. मला माझंच ऑफिस पुरे आहे.

तक्रार नेमकी कुठे करायची हे शोधता शोधता त्यांना ओपन सोर्सचा शोध लागला. म्हणजे मोफत मिळणारी साधनं, ज्यांचा सगळा कोड कोणालाही वाचता येतो, बदलता येतो, आणि बदल पटला तर मूळ कर्ते तो ठेवूनही घेतात. आईंना त्यातलं एक साधन मिळालं. त्याला साध्या मजकुराच्या फायली द्यायच्या, ते त्यांची वेबसाइट तयार करून देतं. संध्याकाळी मी घरात पाऊल टाकते न टाकते तोच त्यांनी मला धरलं.

"फुकट आहे म्हणतात. मग या लोकांचं पोट कशावर चालतं?"

"पोटासाठी दुसरं काहीतरी करत असतील. हे हौसेनं करतात."

"हौसेनं लोक नाटकात कामं करतात गं. कोड कोण लिहितं हौसेनं?"

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला. "गंधाली, इकडे ये! हे बघ, सगळं दिसतंय. अख्खं उघडं आहे!" बँकेत त्यांच्या शेवटच्या वर्षांत बाहेरून विकत घेतलेली सिस्टिम आली होती, ती कुलूपबंद. बिघडली की कंपनीच्या माणसाची वाट बघत बसायचं, आणि आत काय आहे असं विचारलं की तो नुसता हसायचा. ते हसणं आई विसरल्या नव्हत्या. आता त्या कोडच्या ओळींवरून बोट फिरवत होत्या आणि इतक्या खूश होत्या की मलाही बरं वाटलं. ते बरं वाटणं आठवडाभर टिकलं.

कारण मग त्या सगळंच वाचू लागल्या. फोटो हलके करायला एक साधन सापडलं, मराठी अक्षरं नीट दिसावीत म्हणून दुसरं, पान लवकर उघडावं म्हणून तिसरं. प्रत्येकाचा कोड वाचायचा, प्रत्येकात काहीतरी खटकायचं, ते त्याच्या कर्त्याला कळवायचं, आणि उत्तर येईपर्यंत घरात येरझाऱ्या घालायच्या. सहा ओळींचं पान जिथल्या तिथे. आमटी दोनदा करपली. मी ऑफिसातून आले की माझ्यासमोर दोन निळे रंग धरायच्या आणि कुठला बरा ते विचारायच्या. मला दोन्ही सारखेच दिसायचे. सांगितलं तरी राग, नाही सांगितलं तरी राग.

"आई, ते पान एकदाचं चढवा ना नेटवर!"

"अर्धवट काम मी बाहेर सोडत नाही."

"अहो, जयंतीला तुमच्या निळ्याशी काय घेणंदेणं आहे?"

"तिलाच आहे. माझ्या कामातल्या चुका तीच काढायची."

मी एका निळ्यावर बोट ठेवलं. त्यांनी दुसरा घेतला.

शेवटी पान चढलं, आणि ते बाबांनी वाचलं. बाबा म्हणजे माझे सासरे, विद्याधर. शांत माणूस. शब्दकोडं, बिनसाखरेचा चहा आणि बंद करायला त्यांचा जीव होत नाही असा जुना घरचा फोन, एवढं असलं की त्यांची कोणाबद्दल तक्रार नसते. त्यांनी चष्मा वर-खाली करत त्या सहा ओळी वाचल्या.

"वसुधा सबनीस वर, आणि सुनंदा विजयकर खाली?"

"शोधणारीला वरचं माहितीय," आई म्हणाल्या.

"आणि चाळीस वर्षं या घरात जी सुनंदा राहतेय ती काय खोटी?"

"खोटी कोण म्हणतंय?"

"ते नाव मी स्वतः निवडलं होतं. माझ्या आईनं सुचवलेली सगळी नावं नको म्हणून."

"मला विचारलं होतंत?"

बाबा उठून गॅलरीत गेले. त्यांचा चहा मी तिकडे नेऊन दिला, तो त्यांनी घेतला नाही. मला दोघांचाही वैताग आला आणि दोघांचंही पटत होतं, त्यामुळे जास्तच वैताग आला. दुसऱ्या दिवशी बोरिवलीच्या आत्यांचा, म्हणजे बाबांच्या बहिणीचा फोन. "गंधाली, मला खरं सांग हं. दादा-वहिनींचं बरं चाललंय ना? नाही, वहिनी माहेरचं नाव लावतेय म्हणून कळलं. या वयात वकील-बिकील नको गं बाई." जगात कोणालाही न सापडणारी वेबसाइट आत्यांना मात्र बरोबर सापडली होती.

आणि बाकी कोणाला ती खरंच सापडत नव्हती. आई रोज सकाळी दात घासायच्या आधी 'वसुधा सबनीस' टाकून बघायच्या. दंतवैद्य, केक, मुख्याध्यापिका. पुन्हा संध्याकाळी. दंतवैद्य, केक, मुख्याध्यापिका. मग त्या पुन्हा कोड वाचायला बसल्या आणि कारण काढलं. पानाच्या वरच्या भागात माणसांना न दिसणारी, पण शोधणाऱ्या यंत्रांना वाचता येणारी एक जागा असते. तिथे हे साधन माणसाचं एकच नाव लिहायचं. आईंनी तिथे आणखी एका नावाची सोय केली आणि तो बदल मूळ कर्त्यांकडे पाठवला, म्हणजे सगळ्यांच्याच उपयोगी पडेल.

ते साधन सांभाळणारा माणूस फिनलंडचा निघाला. सभ्य होता, पण कारण पटल्याशिवाय काहीच घ्यायचा नाही. सगळी चर्चा उघड्यावर, कोणीही वाचावी अशी. त्यानं विचारलं, हे टोपणनाव आहे का? आईंनी लिहिलं, नाही. मग आडनाव बदललंय? आडनाव बदललंय, मधलं नाव बदललंय आणि पहिलं नावही बदललंय. कोर्टातून? लग्नातून. त्यावर त्यानं अत्यंत नम्रपणे विचारलं, आपण नक्की एकाच व्यक्तीबद्दल बोलतोय ना?

"आता याला काय सांगू?" आई कपाळावर हात मारून म्हणाल्या.

"जाऊ द्या ना, आई."

जाऊ देतील तर त्या आई कसल्या! त्यांनी आपल्या बँकेच्या इंग्रजीत सविस्तर उत्तर लिहिलं. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरतात, नवरा त्यात अंगठीनं बायकोचं नवीन नाव लिहितो, पेढे वाटतात. त्यानंतर सगळे तिला त्याच नावानं ओळखतात. माझं आधीचं नाव वसुधा सबनीस, राहणार अंधेरी.

फिनलंडवाल्यानं विचारलं, "आणि आधीच्या नावाचं काय होतं?"

आईंनी लिहिलं, "त्याच जागेवर नवीन लिहिलं जातं. बॅकअप नसतो."

त्यानं बदल ठेवून घेतला. कर्त्यांच्या यादीत आईंचं नाव आलं, दोन्ही नावांनी. त्या म्हणाल्या, इतकी वर्षं कोड लिहिला, त्याच्याखाली नाव पहिल्यांदा आलं. मी पेढे आणले. बाबांनी एक घेतला, पण गॅलरीत नेऊन खाल्ला.

त्यानंतर काही आठवड्यांनी मी संध्याकाळी घरी आले तर आई तणतणत होत्या. "बघ गं, काय एकेक लोक असतात. तिकडे चर्चेत कोण ती हेमा दोशी घुसलीय. तुम्ही अंधेरीच्याच का, प्रोग्रामिंगच्या वर्गाला होतात का, मशीनवर शेजारी कोण बसायचं. चौकश्या नुसत्या! आपल्या आत्यांसारखीच दिसतेय. मी दिलं उत्तर."

मी उत्तर वाचलं. 'हे पान तांत्रिक बाबींसाठी आहे. कृपया व्यक्तिगत प्रश्न विचारू नयेत.'

"आई! वर्गाबद्दल तुम्ही तिथे काही लिहिलं होतंत का?"

"नाही."

"मग हिला वर्ग कसा माहीत?"

"मला काय ठाऊक? हेमा दोशी नावाची कोणी नव्हती वर्गात. जयंती कर्णिक होती."

"अहो आई, वर्गात सुनंदा विजयकर तरी होती का?"

मी ओरडलेच. इतक्या वर्षांत सासूवर पहिल्यांदा ओरडले. आईंचा चेहरा हळूहळू बदलत गेला. वर्षभर दोन नावांसाठी जगाशी भांडणाऱ्या बाईला आपल्या मैत्रिणीचंही नाव बदललं असेल हे सुचलं नव्हतं. मी पान पुन्हा उघडलं. खाली उत्तर येऊन पडलं होतं, या वेळी मराठीत.

'वसे, तेव्हाही अशीच खेकसायचीस. मी जयंती. माझ्या सासऱ्यांचं नाव जयंतीलाल. सासऱ्याचं नाव सुनेला कसं चालणार, म्हणून मी हेमा. घाटकोपरला असते. नातीला अधूनमधून सांगते, वसुधा सबनीस टाकून बघ. आज तुझी वेबसाइट नाही आली, हे भांडण आलं. वाचल्यावर म्हटलं, ही आपलीच. मी तुला शोधलं नाही असं समजू नकोस. लग्नानंतर दोन वर्षांनी तुझ्या भावाला गाठून मुलुंडचा नंबर घेतला होता. त्याच्या तोंडी नाव वसूच. तीनदा फोन केला. एका म्हाताऱ्या बाईंनी सांगितलं, इथे वसुधा नावाचं कोणी नाही. तिसऱ्यांदा त्या रागावल्या. मला वाटलं, तुझ्या घरच्यांना माझ्यासारखीशी संबंध नको असेल, किंवा तुलाच नको असेल.'

आईंनी ते दोनदा वाचलं. "सासूबाई," त्या म्हणाल्या. बाबांच्या आईंना जाऊन कितीतरी वर्षं झालीत, मी त्यांना फोटोतच पाहिलंय. "खोटं नाही बोलल्या त्या. त्यांच्या घरात वसुधा नव्हतीच कोणी."

आई रडल्या नाहीत. मलाच रडू येत होतं, आणि त्याहून जास्त संताप येत होता. कोणावर काढावा ते कळेना. फोटोतल्या म्हातारीवर काढून उपयोग नव्हता. घाटकोपर! मुलुंडहून घाटकोपर ते काय! लोक तिथे साडी बदलून आणायला जातात, आणि या दोघी चाळीस वर्षं एकमेकींना हरवून बसल्या होत्या. मागे वळले तर दारात बाबा उभे. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते तसेच परत गेले.

आईंनी जयंतीला दोन्ही नंबर पाठवले, मोबाइलचा आणि घरचा, आणि लिहिलं, 'तुझाही नंबर पाठव, रविवारी सवडीनं मी करते.' रविवारी का, आत्ता का नाही, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "जरा दम खाऊ दे गं मला."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. आई जेवणाच्या टेबलाशी मेथी निवडत होत्या, मी समोर बसून कांदा चिरत होते. घरचा फोन वाजला. तो बाबाच उचलतात, दुसरं कोणी उचललेलं त्यांना खपत नाही. त्यांनी "हॅलो" म्हटलं, ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हो, आहे. थांबा हं."

रिसीव्हर छातीशी धरून ते आमच्याकडे वळले.

"वसुधा, फोन."

माझी सुरी थांबली. आई मेथी निवडत राहिल्या.

"वसुधा," बाबा आणखी मोठ्यानं म्हणाले.

आईंनी मेथीचा देठ बाजूला टाकला, मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं, कोणाला हाक मारतायत म्हणून.

"अगं, तुलाच," बाबा म्हणाले. "तुलाच हाक मारतोय मी."